फुलीचा कप

मारोतीबाबांनी आपल्या स्टीलच्या कपाच्या बुडाशी खिळ्यानं फुली ओरखडली, त्या दिवशी त्यांची लेक चेतना त्यांच्याशी भांडली. बाबांच्या थुंकीत जंतू निघाले होते, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. लोखंडाच्या भट्टीवरच्या नोकरीनं फुप्फुसं आधीच खाल्लेली.

"माझ्या बापाले लोकाईच्या ओट्यावर वेगळ्या कपात चहा भेटे," बाबा म्हणाले. "मी आपल्या घरात पेतो. फरक आहे का नाही?"

ते हसले, मग खोकला आला आणि हसणं तिथंच राहिलं.

चेतनाच्या मुलीला, मैत्रीला, त्यांनीच आपल्या खोलीचा उंबरठा न ओलांडायला शिकवलं. ती विसरून आत धावली की ते श्वास धरून तोंड भिंतीकडे फिरवत. पुढं ती विसरेनाशी झाली.

गोळ्यांचा कोर्स संपला, खोकला राहिला. हा टीबी साध्या औषधाला जुमानत नाही असं ठरलं आणि अधिक कडक गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी कान वाजू लागले, अन्नावरची वासना उडाली. शेवटी बीरगावच्या घरून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं थुंकीतले जंतू वाढवून पाहिले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चेतनाला समोर बसवून सांगितलं, की हा टीबी नव्हताच. त्याच कुळातला, पाण्या-मातीत राहणारा दुसरा जंतू. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं सारखेच दिसतात. असे किती जण टीबीच्या गोळ्या खात असतील, कुणी मोजलेलं नाही. बाबांच्या फुप्फुसांत आता औषधानं वाचवावं असं फार उरलं नव्हतं.

चेतनानं एवढंच विचारलं, की हा दुसऱ्याला लागतो का. सहसा नाही, बाई म्हणाल्या.

घरी येऊन ती बाबांच्या खाटेवर अगदी लगटून बसली आणि सगळं सांगितलं. ते दाराकडे वळले.

"म्हणजे पोट्टीले जवळ घेता येत होतं?"

"हव, बाबा."

मैत्री दाराशीच होती. त्यांनी हात पुढं केला. "ये नं, माय."

"नहीं नाना," ती गल्लीत शिकलेल्या हिंदीत समजावत म्हणाली. "अंदर नहीं आते."

चेतनानं तिला उचलून आत आणलं. पोरीनं श्वास धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, अगदी त्यांच्यासारखं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "सोड तिले."

चेतनाची आई, शांताबाई, चहा घेऊन आली. सवयीनं तिनं फुलीचाच कप पुढं केला. त्यांनी तो घेतला.