ऑडिओलॉजिस्ट इमारतीत नसताना

शाल्मली मॅडम दर सोमवारी बाभुळगावच्या शाळांमध्ये मुलांचे कान तपासायला जात. त्या दिवशी त्यांच्या यवतमाळच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी बंद असे. नियम मॅडमच्याच अक्षरात भिंतीवर चिकटवलेला होता : 'ऑडिओलॉजिस्ट इमारतीत नसताना तंत्रज्ञाकडून झालेल्या तपासणीवर सही होणार नाही. सही नाही, तर बिल नाही.'

अंजू राठोड ही ती तंत्रज्ञ. नियम तिला तोंडपाठ होता, आणि या सोमवारी तिनं तो मोडला.

लालीबाई आणि तिचा नवरा बाबुलाल पहाटेच्या एसटीनं महागावकडच्या तांड्यावरून आले होते. लालीबाईला नातवाचं फोनवरचं बोलणं समजेनासं झालं होतं. अंजूही तांड्यातलीच. जिला 'याडी' म्हणून आईसारखी हाक मारली, तिला 'उद्या ये' म्हणून परत पाठवणं तिच्या जिवावर आलं. तिनं तपासणी केली आणि आलेख डॉक्टर सलील यांच्यापुढे ठेवला. कानामागच्या हाडावरून दिलेला आवाज लालीबाईला नीट ऐकू येत होता. हेडफोनमधून दिलेला खालच्या पट्टीचा आवाज मात्र बराच वाढवावा लागला होता. दोन रेषांमध्ये चांगलं अंतर पडलं होतं. म्हणजे कानाच्या आतलं बारीक हाड जखडलेलं असणार. सलील सरांनी ऑपरेशनसाठी बुधवार दिला आणि बाईला भरती करून घेतलं.

मंगळवारी सकाळी बिलाच्या खिडकीवरचे श्रीकृष्णकाका फाइल घेऊन तपासणीच्या खोलीत आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या काकांचा बाणा एकच : फाइल अडता कामा नये.

"मॅडम, एक सही फक्त. योजनेची फाइल आजच चढवाची आहे."

मॅडमनी आलेखाच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. "सोमवार, अकरा वीस. तेव्हा मी बाभुळगावला होते."

"मंग? बाभुळगाव का लंडनले हाय? फोन तं लागते ना."

"फोन लागतो काका, डोळे लागत नाहीत."

"आता काय सांगावं! आजची तारीख टाकून देतो, कोणाले समजते?"

"मला समजेल ना."

आवाज न चढवता त्या बोलल्या, पण पेनला हात लावला नाही. अंजू मान खाली घालून उभी होती. तेवढ्यात सलील सरच आले. "शाल्मली, आलेख स्पष्ट आहे, पेशंट भरती आहे. एका सहीसाठी अडवणार?"

"आलेख चुकलाय असं मी म्हणत नाही, सर. तो होताना मी पाहिला नाही, एवढंच म्हणते. कालची तपासणी बिलातून काढू. आज माझ्यासमोर पुन्हा होऊ दे."

नियम आपण मोडला आणि हेलपाटा याडीला, असं वाटून अंजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मॅडम स्वतः यंत्रावर बसणार, हे तिनं गृहीत धरलं. पण मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या तिच्या मागे बसल्या.

"तू कर. मी बघते."

लालीबाई खुर्चीत बसताना कुरकुरली, "फेर ते पी पी आवाज? कालच तं सारं सांगितलं, बेटी."

"आज एकडाव आणखी, याडी."

अंजूनं तिच्या कानांवर हेडफोन चढवला. मॅडम उठल्या, लालीबाईच्या बाजूला जाऊन वाकल्या. "अंजू, इथून बघ."

केसांत गुंफलेल्या चांदीच्या टोपल्या लालीबाईच्या दोन्ही कानांवर लोंबत होत्या. हेडफोनची गादी त्यांच्यावर टेकली होती, आणि खाली करंगळी जाईल एवढी फट राहिली होती. दुसरी कुणी तंत्रज्ञ असती तर सरळ 'दागिने काढा' म्हणाली असती. अंजूच्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं. काल तिनं हेडफोन अलगद वरूनच ठेवला होता.

"मॅडम, हे काढायला सांगता येत नाही," ती हळूच म्हणाली. "आमच्यात नवरा गेल्यावरच उतरवतात."

दारात उभ्या बाबुलालनं ते बरोबर ऐकलं. "मी हाव ना आजून! चांगला चालता-फिरता हाव. काहून उतरवता?"

"पाहा, हे ऐकू आलं बुढ्याले," लालीबाई म्हणाली. "पाणी आण म्हटलं का येत नाही. याचेच कान तपासा, मॅडम."

मॅडम मोकळेपणानं हसल्या. मग अंजूकडे वळून, जाणत्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग ते न काढता काय करता येईल?"

फटीतून आधी निसटतात ते खालच्या पट्टीचे आवाज. अंजूनं हे परीक्षेत लिहिलं होतं. आज ते डोळ्यांसमोर दिसलं. दोन रेषांमधलं ते अंतर लालीबाईच्या कानातलं नव्हतंच, या फटीचं होतं. आणि उद्या त्याच्याच भरवशावर कान उघडला जाणार होता. तिनं खालचा ड्रॉवर ओढला. लहान मुलांसाठी ठेवलेले, कानाच्या आत बसणारे फोमचे इअरफोन तिथे होते. टोपल्या हातानं जरा बाजूला धरून तिनं ते बसवले.

अर्ध्या तासानं आलेख तयार झाला. दोन्ही रेषा हातात हात घालून चालल्या होत्या. वरच्या पट्टीत दोन्ही मिळून थोड्या उतरल्या होत्या, तेवढी वयाची उतरण. हाड ठणठणीत होतं. लागलंच तर कानात घालायचं एक लहानसं यंत्र पुरणार होतं.

"सरांकडे तूच ने," मॅडम म्हणाल्या.

सलील सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग त्यांनी बुधवारच्या यादीतलं नाव खोडलं. "बरं झालं शाल्मलीनं सही केली नाही," एवढंच म्हणाले.

दुपारी श्रीकृष्णकाका रद्द बिलांचं रजिस्टर घेऊन आले. "कारण लिहा, मॅडम. तंत्रज्ञाची चूक, असंच ना?"

"नियम मी मोडला, मॅडम," अंजू म्हणाली.

"मोडलास. त्याबद्दल मी तुला वेगळं रागावणार आहे, आणि चांगलंच." मॅडम लिहीत होत्या. "पण हे इअरफोन मी तुला टोपल्यांसाठी कधी दाखवले नव्हते. त्या उतरवत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं."

काकांनी चष्मा चढवून वाचलं : 'तपासणीच्या वेळी ऑडिओलॉजिस्ट गैरहजर. जबाबदारी ऑडिओलॉजिस्टची.' खाली मॅडमची पूर्ण सही.

"एकतीस वर्षं फायली पाह्यल्या," ते अंजूला म्हणाले, "सोताच्याच नावानं शेरा मारणारा साहेब पहिल्यांदा पाहून राह्यलो."

बाहेर, फाटकाकडे बाबुलाल पिशवी घेऊन पुढे चालला होता. मागून टोपल्या वाजवत लालीबाई त्याला हाक मारत होती, आणि त्याला ती ऐकू येत नव्हती.