म्हशीच्या किमतीचे घड्याळ आणि मी

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेल एवढे एक जुने पितळी होकायंत्र मी. झाकण उघडले की माझी सुई जरा थरथरते आणि मग तिचे लाल टोक उत्तरेकडे वळून स्थिर होते. मला हे एकच काम येते. ते मी वर्षानुवर्षे केले, कधी कुरकुर केली नाही, आणि तरीही एका घड्याळावर मी मनापासून जळतो. खोटे कशाला सांगू?

कारखान्यातून निघून मी आण्णांच्या हाती आलो. आण्णा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले चित्रकलेचे शिक्षक. सुट्टी लागली की पेठेतली माणसे गोळा करून ते डोंगर गाठायचे. रानात वाटा फुटल्या की सगळे आण्णांकडे बघायचे आणि आण्णा माझ्याकडे. "ह्यो कधी खोटं बोलत न्हाय," असे ते सर्वांना सांगायचे. त्यांची लेक निशिगंधा तेव्हा लहान होती. माझे झाकण उघडायचा मान तिचा असे. ते दिवस माझ्या भरभराटीचे होते.

पुढे आण्णांचे गुडघे धरले. डोंगर बंद झाले आणि मी कपाटाच्या काचेआड जाऊन बसलो. निशिगंधा मोठी झाली, नोकरीला लागली, सुट्टीच्या दिवशी तीच सगळ्यांना डोंगरात नेऊ लागली. मला वाटले, आता मी तिच्या गळ्यात असेन. पण एका संध्याकाळी ती मनगटावर नवे घड्याळ बांधून घरी आली.

"केवढ्याला पडलं?" आण्णांनी विचारले.

तिने आकडा सांगितला तसे आण्णा खुर्चीतून उठलेच. "अगं, एक दुभती म्हस आली असती की दारात!"

"म्हस डोंगरात वाट दाखवती व्हय, आण्णा?"

"आणि ह्ये दाखवतंय?"

"दाखवतंय की. मोबाईलला रेंज नसली तरी दाखवतंय. आलेली वाट, उंची, सगळं."

त्या दिवसापासून माझा जळफळाट सुरू झाला. घड्याळाला मऊ फडका, घड्याळाला काचेवर काच. निशिगंधा त्याला घेऊन रंकाळ्याला फेऱ्या मारायची आणि त्याने मोजलेले अंतर बरोबर आहे का ते बघायची. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे उभी राहून घड्याळातली उंची ताडून पाहायची. कधी ते चुकायचे. मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. एवढे पैसे मोजून हे चुकते! पण निशिगंधा रागवायची नाही. शांतपणे आकडा सुधारायची आणि पुन्हा मनगटावर बांधायची.

पुढे कपाटातल्या माझ्या जागी त्याचा चार्जर आला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे एक मोडका स्पीकर पडला होता. त्याच्या पाठीला भलामोठा लोहचुंबक होता. त्याला खेटून मी महिनोन्‌महिने राहिलो. त्याच्या जोराने माझ्या सुईची दिशा उलटी झाली. लाल टोक दक्षिण दाखवू लागले. काही दुखले नाही, म्हणून मला ते कळलेही नाही.

मग पावसाळा सरताना आण्णांचे गुडघे जरा बरे झाले. "राधानगरीकडं निघालाय न्हवं? मी बी येणार," ते म्हणाले आणि त्यांनी मला खणातून काढून खिशात टाकले. "बघूया कोण खरं."

डोंगरमाथ्यावर झऱ्यापाशी सगळे पाणी प्यायला थांबले, तोच धुके उतरले. हातभर पुढचे दिसेना. आण्णांनी मला उघडले. "वाडी उत्तरंला. चला, ह्या अंगानं."

"थांबा आण्णा, घड्याळ उलटी बाजू दाखवतंय."

"त्याला काय कळतंय? काल जलमलेलं!"

निशिगंधा आण्णांचे मित्र जोतीराम यांच्या खरचटलेल्या पायाला पट्टी बांधायला खाली वाकली होती. तेवढ्यात आण्णा ताडताड पुढे निघाले. माझी छाती गर्वाने फुगली होती. त्यांनी मला निवडले होते! थोड्या वेळाने पायवाट संपली. गवत लागले. आण्णांचा पाय घसरला, मुरगळला, आणि ते मटकन खाली बसले. पुढे काही पावलांवर कडा होता. त्यांच्या हातात मी उघडाच होतो, आणि अजूनही ठामपणे तीच दिशा दाखवत होतो.

पुढचे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले. तिकडे झऱ्यापाशी निशिगंधाने हाका मारल्या. उत्तर आले नाही. तिने सगळ्यांना झऱ्यापाशीच बसवले, ती जागा घड्याळात खूण करून ठेवली आणि एकटी शोधायला निघाली. एका बाजूला जायचे, हाका मारायच्या, घड्याळ बघत खुणेपाशी परतायचे, मग दुसऱ्या बाजूला. त्या धुक्यात ती स्वतः एकदाही हरवली नाही. शेवटी तिची हाक आमच्यापर्यंत पोचली.

"हितं हाय गं!" आण्णा ओरडले. "जपून! म्होरं कडा हाय!"

ती जागच्या जागी थांबली. कडा काही घड्याळाने दाखवला नव्हता. मग बेताने पावले टाकत ती आली आणि बापाला मिठी मारून रडली.

ते परत निघाले तेव्हा धुके फाटले आणि उतरतीचे ऊन पडले. माझ्या मते सूर्य पूर्वेला मावळत होता. आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "ह्यो फितूर झाला की!"

मित्रांनो, तो शब्द मला आजही टोचतो.

"फितूर नाही, आण्णा," निशिगंधा म्हणाली. "त्या स्पीकरजवळ मीच टाकलं होतं याला. निघताना बघायला पाहिजे होतं."

"मी तरी कुठं बघितलं?"

खाली वाडीत आण्णांचा पाय शेकत जोतीरामांनी विचारले, "मग काय आण्णा, म्हस बरी का घड्याळ बरं?"

"पोरगी बरी," आण्णा म्हणाले.

घरी आल्यावर आण्णांनी चुंबक फिरवून माझी सुई सरळ केली. आता मी वेगळ्या लाकडी डबीत राहतो. डोंगराला जाताना मलाही नेतात, कारण घड्याळाची बॅटरी संपू शकते. पण मनगट त्याचे आणि खिसा माझा. ते बघून मी अजूनही जळतो.

मित्रांनो, महाग वस्तू घ्यावी की नाही, ते तुमच्या घरचे ठरवतील. पण जिच्या भरवशावर पाऊल टाकणार आहात ती वस्तू जुनी असो की नवी, निघण्याआधी एकदा तपासा. त्या घड्याळाची किंमत मला कधीच सलली नाही. निशिगंधा त्याच्यावर रोज शंका घ्यायची, ते मात्र फार सलले. माझ्यावर सगळ्यांनी नुसता विश्वास ठेवला.