अंबाजीचा निळा

"बोटीत बसलो," केतन फोनवर सांगत होता. "तासाभरात मांडव्याला उतरतो. काकांची सगळी मूळ चित्रं काढून ठेव. कॅमेरा घेऊन येतोय."

"मूळ कशाला?" हेमाली पटकन म्हणाली. "स्कॅन आहेत ना तुझ्याकडे."

"गेमबरोबर पुस्तकही काढतोय. हे सगळं हातानं रंगवलंय, ते लोकांना दिसू दे."

फोन ठेवून ती ओटीवर आली. तिचे वडील, अंबाजी म्हात्रे, बाराव्या चित्रातला समुद्र रंगवत होते. कागद डोळ्यांपासून वीतभरावर धरलेला. समुद्र निळाभोर नव्हता, भडक होता. कपड्यांची नीळ बादलीभर ओतावी तसा. तरी अंबाजी आणखी निळा घेत होता.

अंबाजीने पस्तीस वर्षं गावोगावच्या नाटकांचे पडदे रंगवले. दरबार, जंगल, रस्ता. मग छापील फ्लेक्स आले आणि त्याला कुणी बोलवेना. चार वर्षं तो ओटीवर नुसता बसून होता. हेमाली मुंबईतल्या केतनच्या छोट्या कंपनीचं काम घरून करायची. केतनला जुन्या धाटणीचा गेम करायचा होता: पडद्यावर एक रंगवलेलं ठिकाण, त्यात चालणारा एक दीपगृहाचा राखणदार, आणि खेळणाऱ्याने त्या चित्रातच वस्तू हुडकायच्या. तिने बाबांचं एक जुनं चित्र पाठवलं. केतनने बारा मागितली. बाबा पुन्हा रोज दाढी करू लागले.

तिसऱ्या चित्रापासून निळा बिघडला. हेमालीने स्कॅन केल्यावर तो संगणकावर गुपचूप फिका केला. बाबांचा डोळा बिघडतोय हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. उद्या सांगू, असं म्हणत आठ महिने गेले. बाबांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून जायचे. आणि सांगितलं असतं तर त्यांनी कुंचला पुन्हा खाली ठेवला असता.

आता पेटीतली अकरा चित्रं केतन बघणार होता. वाळवी लागली म्हणून सांगावं का, असंही तिच्या मनात आलं. पेटी उचलून ती आतल्या खोलीत निघाली.

"कुठं नेतंस?" अंबाजीने विचारलं.

"पुसून ठेवते."

"ऱ्हाऊदे इथंच. मानूस येतंय ना बघाया."

केतन आला. पाया पडला, चहा नको म्हणाला आणि आधी लॅपटॉप उघडला. "काका, आधी हे बघा. तुमचा बंदरावरचा धक्का."

हेमालीने बाबांना आजवर गेम फक्त मोबाइलवर, ओझरता दाखवला होता. आता मोठ्या पडद्यावर तो धक्का उघडला. राखणदार पायऱ्या उतरून पाण्याशी आला. अंबाजी पुढे वाकला. मग आणखी वाकला.

"धक्का माझा हाय," तो म्हणाला. "ह्यो पानी माझा न्हाय."

केतन हसला. "तुमचंच आहे काका."

"न्हाय. मी येवढा मेलेला निला लावत न्हाय."

त्याने पेटी ओढली, मूळ चित्र काढलं आणि पडद्याशेजारी धरलं. केतनचं हसू विरलं. त्याने चित्राकडे पाहिलं, मग हेमालीकडे.

"स्कॅनर..." तिने सुरुवात केली.

"हेमाली." अंबाजीचा आवाज खाली आला. "रंग कोनी बदलला?"

"मी."

"किती चित्रांचा?"

"नऊ."

केतनने लॅपटॉप हलकेच मिटवला. अंबाजी उठला, आतून पांढरी बशी घेऊन आला आणि तिच्या हातात दिली. "येका बाजूला काला घाल, येका बाजूला गडद निला. मना सांगू नको कुठं काय ते."

"बाबा, नको."

"घाल."

त्याने पाठ केली. तिने दोन थेंब टाकले. तो वळला, बशी उजेडात नेली, तिरकी केली, डोळ्यांजवळ आणली. इतका वेळ गेला की केतनने मान खाली घातली. शेवटी अंबाजीने बोट ठेवलं. "ह्यो निला."

बोट काळ्यावर होतं. हेमाली बोलली नाही. केतनही. त्या गप्प राहण्यातूनच अंबाजीला कळलं.

बशी त्याने खाली ठेवली. "तुला कवापासून म्हाईत?"

"तिसऱ्या चित्रापासून."

"आठ म्हयने." तो ओटीच्या कडेला बसला. "सगल्यांना दिसत व्हता. मना सोडून. आठ म्हयने तू मना आंधला ठेवलंस, पोरी."

"तुम्ही काम सोडलं असतंत."

"सोडला असता. माझा काम हाय. सोडायचा का नाय ता मी ठरवला असता."

ती रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. कॅमेरा न उघडताच केतन संध्याकाळच्या बोटीने परतला. जाताना एवढंच म्हणाला, "बारावं चित्र होईल तेव्हा होऊ दे. मी थांबतो."

तीन दिवस अंबाजी तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला. "अलिबागला कनची गाडी पकरायची?"

मोतीबिंदू पिकून घट्ट झाला होता; त्यातून निळा फिकाच दिसायचा. आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई हेमालीकडे बघून म्हणाल्या. ऑपरेशनला आत जाताना अंबाजीने तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. एक डोळा झाला, दीड महिन्याने दुसरा.

बरा झाल्यावर त्याने अकराही चित्रं ओटीवर मांडायला लावली. एकेका समुद्रापाशी थांबत तो शेवटपर्यंत गेला. हेमाली दाराला टेकून उभी होती.

"वरून रंग देऊन नीट करता येतील," ती म्हणाली.

"नको. तवा मना ह्योच निला बराबर दिसत व्हता." मग जरा थांबून, "संगनकातला राहूदे. त्यो बराबर हाय."

बाराव्या चित्राचा अर्धवट, भडक कागद काढून त्याने फळीवर नवा लावला. पेन्सिलीने दीपगृह, खडक, पाण्याची रेघ. हात पूर्वीसारखाच चालत होता. मग बशीत निळा घेतला, चिमूटभर हिरवा, पांढरा, थोडं पाणी. घोटला. कुंचला बुडवला, कागदाजवळ नेला आणि थांबला.

त्याने बशी उचलून हेमालीपुढे धरली.

"बराबर हाय ना?"

तिने वाकून पाहिलं. रंग अगदी बरोबर होता. तिने होकाराची मान हलवेपर्यंत त्याने कुंचला कागदाला लावला नाही.