बाईंचे कापलेले प्रश्न

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन रिळांचा, चामडी पट्ट्याचा आणि मला उचलणाऱ्याचा खांदा एका दिवसात उतरवणारा. रेडिओ केंद्रातले लोक मला 'वीट' म्हणत. "बाई निघाल्या वीट घेऊन," असे कुणी हसून म्हटले की माझ्या अंगाचा तिळपापड होई. मित्रांनो, विटेला कान असतात का? मला होते, आणि ते चांगले तिखट होते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक कामगार मुलगी दिवसभर नव्या यंत्रांपुढे आकडे म्हणत बसायची. माझ्या वाट्याला 'सत्तावीस, अठ्ठावीस' आले, तिने ते परत ऐकले, मान हलवली आणि मला खोक्यात घातले. मग आगगाडी, मग ट्रक, मग रेडिओ केंद्रातले एक कपाट. तिथून मला बाहेर काढले ते बाईंनी.

बाई रेडिओवर तासभराचे माहितीपट करायच्या. बातमी दोन मिनिटांत संपते. बाईंचे काम तिथून पुढे सुरू व्हायचे. समुद्र वर चढतो आहे असे बातमीत सांगत, तर बाई ज्या गावाचा पहिला रस्ता पाण्याखाली गेला तिथे मला घेऊन जाऊन आठवडाभर राहत. परदेशी जाऊन दुसऱ्यांची मुले वाढवणाऱ्या आया, सहा-सहा महिने जमीन न पाहणारे खलाशी, बंद पडलेल्या खाणीचे कामगार, सगळ्यांपुढे मी बसलो आहे. मी जग पाहिले नाही, पण ऐकले मात्र भरपूर.

बाईंची एक पद्धत होती. समोरचा बोलू लागला की त्या तोंडातून 'हं' सुद्धा काढत नसत. नुसती मान हलवत, डोळे मोठे करत, कधी डोळे पुसत. पण आवाज नाही. प्रश्न विचारायचा तो एकदाच, खालच्या सुरात, आणि मग गप्प बसायचे. समोरचा माणूस अडला तरी त्या घाई करत नसत. कित्येकदा खरी गोष्ट त्या गप्प बसण्यानंतरच बाहेर येई.

केंद्रात परतल्यावर बाई पाते हातात घेत. त्या काळी टेप खरोखरची कापावी लागे आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडावी लागत. बाई सगळ्यात आधी काय कापत असतील? स्वतःचे प्रश्न! तपकिरी फितीचे तुकडे टेबलाखालच्या टोपलीत पडत आणि सफाईवाली ते रोज घेऊन जाई. कार्यक्रमाच्या सुरुवातीचे निवेदनही दुसराच कुणी करायचा. एकदा केंद्रप्रमुख म्हणाले, "अहो बाई, एखादा प्रश्न तरी राहू द्या. लोकांना कळू दे कोण विचारतंय."

"लोक त्या माणसाचं ऐकायला बसतात साहेब, माझं नाही," असे म्हणून बाईंनी आणखी एक तुकडा टोपलीत टाकला.

मला तेव्हा बाईंचा केवढा अभिमान वाटायचा! आज त्याच गोष्टीने जीव तळमळतो.

त्यांच्या सगळ्या कार्यक्रमांत समुद्रकाठच्या गावाचा कार्यक्रम फार गाजला. त्यात जाळी विणणारी एक बाई एवढेच म्हणते, "लावलं ना. किल्ली अजून आहे माझ्याकडे." घर पाण्यात गेले आणि किल्ली कमरेला राहिली. त्या एवढ्याशा बोलण्यासाठी पोतेभर पत्रे आली. कौतुकाच्या समारंभात मलाही टेबलावर मांडले होते आणि त्या दिवशी कुणी मला वीट म्हटले नाही. त्या बाईला नेमके काय विचारले होते, हे मात्र एकाही पत्रात कुणी विचारले नव्हते.

मग बाईंचा आवाज बसू लागला. आधी त्यांनी तो थंडीवर ढकलला, मग धुळीवर. शेवटी घशाचे ऑपरेशन झाले आणि बाई घरी आल्या त्या हातात पाटी घेऊन. जीव वाचला, आवाज गेला. निवृत्तीच्या वेळी केंद्राने मला, जुन्या कार्यक्रमांच्या रिळांसकट, त्यांना भेट म्हणून दिले, कारण तोवर खिशात मावणारी यंत्रे आली होती. बाईंनी मला आणि रिळांच्या डब्यांना कपाटावर ठेवले, वर एक गोधडी टाकली आणि नंतर कधी वर पाहिले नाही. मला वाईट वाटले, पण राग नाही आला. मुक्या माणसाने रेकॉर्डर कशाला उघडावा?

बरीच वर्षे गेली. बाईंच्या लेकीला मुलगी झाली. नात चार वर्षांची असताना एके सकाळी मी गोधडीखालून तिचे बोलणे ऐकले.

"आई, आजीचा आवाज कसा होता गं?"

"कसा म्हणजे... जाडसर होता. नाही, जाडसर नाही. थांब हं."

मग लेक स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई, मलाच आठवत नाहीये."

त्याच दुपारी तिने मला खाली काढले. आयुष्यभर इतरांचे आवाज जपणाऱ्या घरात आईच्या आवाजाचा एक शब्द नव्हता. तिला एकच वाक्य हवे होते. 'इकडे ये' चालले असते, 'जेवलीस का' चालले असते.

दुरुस्तीवाल्याने माझे पोट उघडले. "रबरी पट्टा विरघळलाय. बाकी गडी धडधाकट आहे," तो म्हणाला, आणि मी त्याला मनोमन आशीर्वाद दिला.

लेकीने एकेक रीळ लावले. खलाशी बोलले, आया बोलल्या, खाणकामगार खोकले. बाई कुठेच नव्हत्या. जिथे त्या असायला हव्यात तिथे चिकटपट्टीचा जोड होता, आणि तो माझ्या डोक्यावरून सरकताना बारीकशी टक् होई. अकराव्या रिळावर बाईंचे पाते केसभर चुकले होते. तिथे एक श्वास राहिला होता, बोलण्याआधी माणूस घेतो तो. लेकीने तो श्वास सात वेळा मागे नेऊन ऐकला. आठव्या वेळी तिला पुढे ऐकवेना.

मित्रांनो, मला तो आवाज पुरता आठवत होता. प्रत्येक प्रश्न माझ्यातूनच गेला होता. पण टेपशिवाय मला तोंड नाही. माझ्यापुढे ती रडत होती आणि मी ठोकळ्यासारखा बसून होतो. वीटच म्हणा ना.

चार दिवसांनी लेकीने मला खांद्याला अडकवले आणि ती जाळी विणणाऱ्या बाईला शोधत निघाली. गाव आता आत, टेकडीपलीकडे, एकसारख्या घरांच्या रांगांत राहत होते. म्हातारी दारात बसली होती, पण मांडीवर जाळे नव्हते. समुद्रच उरला नव्हता जवळ.

लेकीने माझे बटण दाबले. "मावशी, माझी आई तुमच्याकडे आली होती. तिनं तुम्हाला काय विचारलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! पत्रकार बरेच आले गं. कुणी विचारी पाणी किती फूट आलं, कुणी विचारी नुकसान किती. तुझी आई तीन दिवस नुसती बसून राहिली. मला वाटलं, मुकी आहे की काय!" म्हातारी हसली. "चौथ्या दिवशी विचारलंन, 'निघताना दाराला कुलूप...' आणि पुढचं तोंडातल्या तोंडात. शेवटचा शब्द गिळायची ती. आणि कुलूप म्हणताना आवाज असा खाली यायचा, जिन्याची पायरी उतरल्यागत."

"हो!" लेक ओरडलीच. "हो मावशी, गिळायची. मला शाळेत जाताना 'डबा घे' म्हणायची ना, तर 'घे' ऐकूच यायचं नाही!"

आणि ती हसता हसता रडू लागली. म्हातारीने पुन्हा म्हणून दाखवले. आवाज बाईंचा नव्हता, कसा असेल? पण ती पायरी बाईंची होती.

त्यानंतर आम्ही हिंडलो. खलाशाने त्याला विचारलेला प्रश्न सांगितला, आयांपैकी एकीने तिला विचारलेला. आपण काय उत्तर दिले ते दोघेही विसरले होते. लेकीने या सगळ्याचा एक तासाचा कार्यक्रम करायचे ठरवले. नव्या यंत्रावर ते चुटकीसरशी झाले असते, पण ती हट्टाने माझ्यापुढे बसली आणि आईचे जुने पाते बाहेर काढले. शेजारच्या खुर्चीत बाई पाटी मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

लेकीने पहिला प्रश्न शोधला. 'मावशी, माझी आई तुमच्याकडे आली होती...' तिने फीत कापायच्या खाचेत बसवली आणि पाते टेकवले. घरात शिकलेली रीत तीच होती, आधी स्वतःला कापायचे.

बाईंनी तिचे मनगट धरले. लेकीला वाटले, काही चुकले. "इथून नको का कापू, आई?"

बाईंनी पाते तिच्या बोटांतून सोडवून घेतले आणि पाटीवर लिहिले. अक्षरे मोठी होती.

'ठेव. पुढे कुणीतरी शोधेल.'

लेक ते वाचून आईच्या कुशीत शिरली. मी तसाच चालू होतो. माझी रिळे रिकामी फिरत राहिली, पण कुणाचे लक्ष नव्हते.

मित्रांनो, आता मी टेबलावर असतो, गोधडी नाही. तुमच्याकडे माझ्याहून हलकी आणि हुशार यंत्रे आहेत. तुम्ही आजीला, काकांना, शेजारच्या आजोबांना जरूर बोलते करा. मात्र ऐकायला बसताना तुमचा प्रश्नही नीट, मोठ्याने विचारा, आणि तो पुसू नका. तुम्हाला तो फालतू वाटेल. बाईंनाही वाटला होता.