आई काय म्हणाली

दिवसभर लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं आणि संध्याकाळी त्यातलं अक्षरही आठवायचं नाही, असा तिचा धंदा होता. ती दुभाषी होती. कधी कोर्टात, कधी पोलीस ठाण्यात, आणि सगळ्यात जास्त या इस्पितळात. घरची भाषा बोलणारी माणसं एका बाजूला, इथली भाषा बोलणारे डॉक्टर-वकील दुसऱ्या बाजूला आणि मधल्या खुर्चीवर ही. टाकलेल्या बायका, गाठ निघालेले म्हातारे, चोर आणि साव, सगळे तिच्या तोंडून ‘मी’ म्हणून बोलून गेले होते. कामाचा पहिला नियमच तसा. ‘त्या म्हणतात त्यांना दुखतं’ असं म्हणायचं नाही, ‘मला दुखतं’ म्हणायचं. दुसरा नियम शिकवणाऱ्या बाईंनी घोटून घेतला होता: वाक्य पोचलं की सोडून द्यायचं. माणसाच्या डोक्यात एका वेळी मावतं मूठभर. जुनं धरून बसलात तर नवं सांडतं.

ती यात इतकी तरबेज झाली की दुपारी कुणाला जन्मठेप झाली हे तिला चहाच्या वेळी सांगता येत नसे. आई चिडवायची, "पोतंभर ऐकून येतेस आणि घरी आलीस की ठणठणगोपाळ!" थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा, तो तिला सरळ पोपट म्हणायचा. ती हसायची. झोप मात्र तिला छान लागायची, आणि ती काय कमी गोष्ट आहे?

आता तोच भाऊ इस्पितळाच्या बोळात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तिच्यासमोर बसला होता.

"आई काय म्हणाली?" त्याने पुन्हा विचारलं.

आई दाराच्या पलीकडे होती. तोंडात नळी, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली. परवा ती शुद्धीत असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं होतं, की फुप्फुसं थकली आहेत, श्वास बंद पडला तर नळी घालावी लागेल, आणि मग ती निघेलच याची खात्री नाही. तुमची इच्छा काय? आईने उत्तर दिलं होतं. ते ऐकलं एकाच माणसाने.

खरं तर नात्यातल्या माणसाने दुभाषी व्हायचं नाही असा इस्पितळाचा कायदाच होता. पण नेमलेला दुभाषी कुठेतरी अडकला होता, आईला धाप लागली होती, डॉक्टरीणबाईंचा एक पाय दाराबाहेर होता. "तुम्हीच करता का? तुम्ही तर आमच्याच," त्या म्हणाल्या. ही बसली मधल्या खुर्चीवर. लेक म्हणून बसली असती तर पहिल्याच वाक्याला रडली असती. म्हणून तिने रोजचं केलं. पाठ ताठ केली, नजर दोघींच्या मधल्या भिंतीवर लावली आणि आईचं ‘मी’ आपल्या तोंडात घेतलं. ऐकलं, पोचवलं, सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी श्वास बंद पडला तेव्हा पाळीवर वेगळीच माणसं होती. त्यांनी नळी घातली. डॉक्टरीणबाई गावाला गेल्या होत्या. त्यांना फोन लावला तर त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "नळीबद्दल काहीतरी स्पष्ट बोलल्या होत्या हो. त्या दिवशी इतके पेशंट होते... तुम्ही किती शांतपणे बोलत होतात, ते मात्र माझ्या लक्षात राहिलंय."

आता मोठे डॉक्टर दुपारी विचारणार होते. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं? आईंची इच्छा काय होती?

"अगं, परवाची गोष्ट," भाऊ म्हणाला. "तुझी आई तुझ्यासमोर बोलली. एवढं आठवत नाही?"

"पेन आठवतं डॉक्टरांचं. निळं होतं. आईच्या हाताला चिकटपट्टी होती, तिचं एक टोक सुटलं होतं."

"पेन घेऊन काय करू मी?"

तिला स्वतःचीच चीड आली. परक्यांसाठी लावलेली सवय आईवर चालवली, आणि आता आईचं अख्खं बोलणं गेलं. ती उठून आईला परवा ठेवलं होतं त्या खोलीत गेली. खाट रिकामी होती, धुतलेली चादर घातलेली. ती त्याच खुर्चीवर बसली, त्याच भिंतीकडे बघत. डॉक्टर काय बोलतात ते तिला पाठ होतं, शंभर वेळा बोललेलं. तेच ती पुटपुटली. ‘नळी निघेलच याची खात्री देता येत नाही. तुमची इच्छा काय?’ आणि गप्प राहून वाट बघितली. पुन्हा म्हटलं. पुन्हा वाट बघितली.

आणि ते आलं. आईच्या आवाजात, धापेसकट.

‘ताट वाढलेलं आहे, पण भूक मेली. उचला आता ताट.’

ती धावतच बोळात आली. भावाने ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा दांडगा माणूस, खांदे हलेपर्यंत रडला.

"आईच ती," तो म्हणाला. "आईशिवाय असं कोण बोलणार? आपण लहान असताना आजारी पडली होती ना, तेव्हाही हेच म्हणाली होती. ताट उचला. मला चांगलं आठवतंय."

तिने मान हलवली. तिलाही आता चित्र दिसायला लागलं होतं. उशीवर कललेली आईची मान, ताट म्हणताना किंचित उचललेला हात. दर वेळी मनात म्हटलं की ते चित्र अधिक ठळक होत होतं. छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं तिला.

मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी दोघांना खोलीत बसवलं, पाणी दिलं. भाऊ इथली भाषा फक्त लिफ्टपुरती बोलायचा, वर, खाली, चालू, बंद, उद्या येतो. म्हणून बोलायचं तिलाच होतं.

"आई म्हणाली होती," तिने सुरुवात केली आणि ते वाक्य इथल्या भाषेत सांगितलं.

सांगितलं कसलं, घसरतच बाहेर आलं. ताट आणि भूक असं इथल्या भाषेत कुणी बोलत नाही. शब्दाला शब्द ठेवला तर डॉक्टरला वाटेल बाईला जेवायचं नाहीये. त्यासाठी वाक्य थोडं वळवावं लागतं, आणि ते वळण तिच्या जिभेवर तयार होतं. कधी तयार केलं? परवा तर नाही.

मग तिला सगळं आठवलं. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट, एक म्हातारा शिंपी, बोटांना सुईचे घट्टे. गेल्या थंडीत. ताट उचला, असं तो म्हणाला होता आणि ती अडली होती. अर्ध्या वाक्यात थांबून शब्द शोधावे लागले होते, डॉक्टर घड्याळाकडे बघत होते आणि हिचे कान लाल झाले होते. म्हणूनच ते राहिलं. जे सरळ जातं ते जातं, जे अडतं ते रुतून बसतं. आईचं एकही वाक्य तिला अडलं नव्हतं. आई लेकीशी जसं बोलायची तसंच बोलली असणार, साधं, रोजच्या शब्दांत. त्यातलं काहीच रुतलं नाही.

डॉक्टर समजुतीने मान हलवत होते. "म्हणजे यंत्र काढावं अशी त्यांची इच्छा होती," ते म्हणाले. कागद त्यांनी पुढे ओढलाच होता. तिने भावाकडे पाहिलं. तो सुटका झालेल्या माणसासारखा बसला होता. एक शब्द बोलली नसती तर कुणालाही कधीही कळलं नसतं. तिलासुद्धा, चार महिन्यांनी.

"दादा, ते आईचं नाही."

"काय?"

"ते एका शिंप्याचं आहे. तो गेल्या वर्षी गेला. मी चुकले."

"असं कसं? मला आठवतंय ना, लहानपणी..."

"तुला मी सांगितलं म्हणून आठवतंय, दादा."

तिला वाटलं आता भाऊ ओरडणार, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मग आई काय म्हणाली?"

"मला माहीत नाही. कधीच कळणार नाही."

डॉक्टर या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. भाषा कळत नसली तरी काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं होतं. भावाने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आईचं राहू दे. डॉक्टरचंही राहू दे. तुझं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न तिला मधल्या खुर्चीवर आजवर कुणी विचारला नव्हता.

"मला आई हवीय," ती म्हणाली. "आणि तिला तशी पडलेली मला बघवत नाही. सोडू या तिला, दादा. पण ती म्हणाली म्हणून नाही. मी म्हणतेय म्हणून. उद्या मला याची बोचणी लागेल तर लागू दे."

भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय ठरलं?" डॉक्टरांनी विचारलं. तिच्याच्याने पुढचं वाक्य उचललं जाईना.

तेव्हा भाऊच वळला. लिफ्टपुरत्या त्या भाषेत, एकेक शब्द उचलून ठेवत तो म्हणाला, "डॉक्टर. यंत्र, बंद. आई बोलली नाही. आम्ही बोलतो. ही, आणि मी. दोघं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि नेमकं काय ते ऐकायला सवयीने तिच्याकडे पाहिलं.

"बरोबर सांगतोय तो," ती म्हणाली आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली.