चिमूटबाबांचा हंडा

सकाळी साडेआठला फार्मासिस्ट बाई दुकानाच्या मागच्या खोलीत आल्या. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, केस टोपीत कोंबले, ओटा स्पिरिटने पुसला, काट्यावर ठरलेले वजन ठेवून काटा खरे बोलतो आहे ना याची खात्री केली आणि वहीत सही केली. जिथे कारखान्याची तयार गोळी रोग्याच्या मापात बसत नाही, तिथे डॉक्टर या दुकानाची चिठ्ठी देत. आज पहिले काम दोन वर्षांच्या बाळाच्या पुड्यांचे होते. मोठ्या माणसाच्या हृदयाची गोळी कुटून त्यातला कणभर भाग प्रत्येक पुडीत जायला हवा होता.

बाईंनी औषध खलात घेतले, त्याच्याइतकीच दुधाची साखर त्यात घातली आणि घोटले. जेवढे झाले तेवढीच साखर पुन्हा घातली, पुन्हा घोटले. सगळी साखर एकदम ओतली असती तर काम पाच मिनिटांत उरकले असते. पण मग एका पुडीत बाळाचे सगळे औषध गेले असते आणि दुसरीत नुसता गोडवा. बाई चाळीस मिनिटे घोटत राहिल्या.

खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या सभागृहाशी, सहा वाजल्यापासून रांग लागली होती. तीन महिन्यांपूर्वी तिथे चिमूटबाबा अवतरले होते. कमरेएवढ्या हंड्यातून राखाडी पूड लाकडी चमच्याने काढायची, कागदात बांधायची आणि वरून चिमूटभर आशीर्वाद द्यायचा, एवढाच त्यांचा दवाखाना. सांधे, दमा आणि खाज या तीन दुखण्यांवर त्यांचा विशेष लोभ होता. दुखरी दाढ घेऊन आलेल्या माणसाला ते, "हे तुझ्या कर्माचं आहे," असे सांगून वाटेला लावत.

"ज्याची जेवढी श्रद्धा, तेवढा गुण," माईकवाला शिष्य गर्जत होता. "विज्ञान जिथे थकून बसतं, तिथून बाबांच्या कंपनांचा प्रवास सुरू होतो. आता आपल्यासमोर येत आहेत जिना चढणाऱ्या आजी."

जिना चढणाऱ्या आजी म्हणजे फार्मासिस्ट बाईंच्या सासूबाई. त्या व्यासपीठावर गेल्या आणि रोजच्यासारखे सांगू लागल्या: वर्षभर गुडघ्यांनी जखडल्या होत्या, पहिल्या पुडीनंतर दुसऱ्याच दिवशी दोन मजले चढून गेल्या. टाळ्या पडल्या. बाईंच्या हातातला बत्ता क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

खरे तर त्या पहिल्या पुडीनंतर गुण लपंडाव खेळू लागला होता. एखादी पुडी अंगात वारे भरल्यासारखी लागे, पुढच्या चार मातीसारख्या. सासूबाईंनी तक्रार केली तेव्हा बाबांनी डोळे मिटून विचारले होते, "घरात कोणी शंका घेतं का?"

"सून औषधांच्या दुकानात असते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"गळती तिथेच आहे," बाबांनी निदान केले, आणि जोडीला मधुमेहासाठीची साखरेची गोळी बंद करायला सांगितले. दोन औषधे पोटात भांडतात म्हणे.

तेव्हापासून घरात एकच विषय होता. नवरा दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र धरून बसे आणि त्याच त्या पानाचे मनन करी.

"सूनबाई, मी तुझ्याकडे काही मागत नाही," त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या. "तू फक्त शंका घेऊ नकोस. बाकी माझं मी बघते."

"आई, शंका मी दुकानात ठेवून येते. बोट द्या जरा."

छोट्या यंत्राने थेंबभर रक्त चाखून साखरेचा आकडा दाखवला: तीनशे ऐंशी. सासूबाईंचा चेहरा महिन्याभरात वाटोळा झाला होता. शेजारणी त्याला तेज म्हणत. दिवसभर त्यांना तहान लागे, हातावर जरा घासले तरी निळा डाग पडे. बाईंना हे चित्र कुठल्या औषधाचे ते दिसत होते, पण सून म्हणून सांगितले असते तर ती शंकाच ठरली असती.

"तुमच्याजवळ पुड्या किती आहेत?"

"बारा. बाबा आठवडाभर ध्यानाला जाणार होते म्हणून साठवून ठेवल्या. का?"

"उद्या माझ्या ओट्यावर तुम्हीच उघडा. मी हात लावणार नाही. मला बोलायचंही नाही."

"हे बरं," सासूबाई म्हणाल्या. "न बोलणार असशील तर येते."

दुसऱ्या दिवशी काळ्या कागदाच्या बारा चौकोनांवर बारा पुड्या पसरल्या. बाईंनी भिंग सासूबाईंच्या हातात दिले आणि शब्दाला जागून गप्प राहिल्या.

पहिल्या पुडीत नुसती राख. दुसरीतही. तिसरीत दोन पिवळे ठिपके. सातव्या पुडीत ठिपके मोजता येईनात, आणि त्यांच्या मधोमध नखाएवढा एक तुकडा, कडेला गोल, वरच्या बाजूला सरळ खाच.

"हे काय गं?"

"आता बोलू?"

"बोल, बोल."

"मशीनमध्ये दाबून केलेली गोळी. अर्धी मोडता यावी म्हणून खाच असते."

"पूड डोंगराच्या पोटातून येते म्हणतात."

"डोंगराला खाच कोण पाडून देतं, आई?"

 सासूबाईंनी पुन्हा पहिल्या पुडीपासून शेवटच्यापर्यंत भिंग फिरवले, मग उलट फिरवले. तीस वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळले होते, रोज चारशे पाने. त्यांच्या कपाळावर जी आठी चढली ती भक्ताची नव्हती. ती मुख्य स्वयंपाकिणीची होती.

"हे वरून टाकलंय आणि ढवळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"एका पोरीला मी याच कारणावरून घरी पाठवलं होतं. पातेल्यात मीठ वरून लोटलं आणि झाकण ठेवून बसली. पहिल्या पंगतीला तोंडात घालवेना, शेवटची म्हणे आजीबाई मीठच विसरल्या." त्यांनी सातव्या पुडीवर बोट ठेवले. "म्हणजे मी जिना चढले त्याच्या आदल्या दिवशी माझ्या वाट्याला वरचा थर आला."

"तसंच असणार."

"आणि माझी श्रद्धा कमी पडली, ते?"

"ती बाराही पुड्यांना सारखीच होती, आई."

सासूबाईंनी भिंग खाली ठेवले. बराच वेळ त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, मग लावला.

दुसऱ्या सकाळी माईकवाल्याने नेहमीच्या जोशात जिना चढणाऱ्या आजींना बोलावले. आजी आल्या, पण त्यांच्या हातात लांब दांड्याचा कालथा होता. खाली पहिल्या रांगेत सून उभी होती, काखेत काळ्या कागदाची गुंडाळी.

"बाबा, एक विचारायचं होतं," सासूबाई माईकमध्ये म्हणाल्या. "तुम्ही हे ढवळता का?"

बाबा हसले. "माते, ढवळल्यानं कंपनं विस्कटतात. पूड स्वतःच ओळखते कोणाकडे किती जायचं."

"चारशे माणसांना तीस वर्षं वाढलंय मी. मीठ कोणाला ओळखत नाही."

रांगेत कुणीतरी खुदकन हसले. शिष्य पुढे झाला, पण ज्या आजींचा फोटो दारावरच्या फलकावर हातभर मोठा लावला आहे, त्यांना सगळ्यांदेखत हाताला धरून खाली उतरवणे त्याच्या प्रशिक्षणात नव्हते. सासूबाईंनी कालथा हंड्यात तळापर्यंत घातला आणि सरावाच्या हाताने खालून वर, खालून वर असे ढवळले. वरच्या थरातला पिवळा चुरा वळ्यावळ्यांनी खाली गेला आणि राखेत मिसळत गेला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांची श्रद्धा सारखी झाली."

मग काळे कागद पसरले गेले. ज्याच्या खिशात पुडी होती त्याने ती उघडली. भिंग हातोहात फिरले, ठिपके मोजले गेले, आणि ज्यांना महिनाभर पापी ठरवले होते त्यांच्या पुड्यांत ठिपकाच नव्हता. बाबांनी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा ध्यानाची वेळ झाली होती आणि मागच्या दाराशी गाडी उभी होती.

एक हमाल मात्र रागावून बाईंपुढे आला. "बाई, मला दम लागत नाही आता. तो काय खोटा गुण?"

"गुण खरा आहे, दादा. औषध खरं आहे. खोटे आहेत ते बाबा. कुठलं औषध, किती, कशासाठी, काही न सांगता तुमच्या पोटात घातलं. चार पैशांची ओळखीची गोळी राखेत बुडवली की दैवी होत नाही, फक्त तिचं माप हरवतं. पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारा: काय आहे आणि किती आहे. मलाही विचारा. उत्तर देता आलं नाही तर माझंही घेऊ नका."

"मग ही फेकून देऊ?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या, आणि भोवतालची कुजबुज थांबली. "मला जो संशय आहे तो खरा असेल, तर तुमच्या शरीरानं स्वतःचं काम या पुडीवर सोपवलंय. एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल. पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा."

दुपारभर सासूबाई दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिल्या. बाबाचा हंडा ढवळणारी आजीच बाबाची पूड टाकू नका म्हणते, याचे लोकांना नवल वाटले. पण बहुतेक जण गेले. बाईंनी तपासायला पाठवलेल्या पुड्यांवर आठ दिवसांनी सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला: सूज दाबणारे तेज स्टेरॉइड, एका नमुन्यात शून्य, दुसऱ्यात मोठ्या माणसाच्या मात्रेच्या तिप्पट.

डॉक्टरांनी सासूबाईंची साखरेची गोळी पुन्हा सुरू केली आणि स्टेरॉइड सहा आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचे ठरवले. इतक्या बारीक मापांच्या गोळ्या बाजारात नव्हत्या, म्हणून चिठ्ठी सुनेच्या ओट्यावर आली. बाईंनी दर आठवड्याची वेगळी बाटली भरली आणि प्रत्येकीवर औषधाचे नाव, मात्रा, तारीख लिहिली.

तिसऱ्या आठवड्यात गुडघे परत बोलू लागले. चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी सासूबाई दुकानात आल्या. खुर्चीवर बसायला त्यांना दोन्ही हातांचा आधार लागला.

"दुखतंय खूप?"

"दुखतंय." त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी काढली. "ती सातवी पुडी. त्या दिवशी सगळ्या तपासायला दिल्या ना, ही दिली नव्हती मी. म्हटलं, अगदीच सहन झालं नाही तर असू द्यावी."

सुनेने हातातली बाटली ओट्यावर ठेवली.

"घातक कचरा कशात टाकता तुम्ही?"

बाईंनी लाल झाकणाचा डबा पुढे सरकवला. सासूबाईंनी घडी उघडली नाही. ती आत टाकली, झाकण दाबून बसवले आणि गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत घरी गेल्या.