बाबा झोपलेत

कुत्रा घ्यायचं ठरलं तेव्हाच मी म्हटलं होतं, घरात चार वर्षांची पोर आहे, तिच्याहून उंच जनावर आणताय, जरा डोकं ठिकाणावर ठेवून आणा. पण माझं ऐकतो कोण? मी पडले धाकट्या बहिणीच्या घरी राहणारी, वरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेली. माझं बोलणं मनावर घेतात ते फक्त माप द्यायला आलेले लोक.

बहिणीचा नवरा बेकरीत. रात्रभर भट्टीपुढे उभा राहायचा, उजाडल्यावर पिठानं पांढरा होऊन घरी यायचा आणि दुपार कलेपर्यंत झोपायचा. म्हणजे रात्री घरात आम्ही दोघी बायका आणि दोन पोरं. एकदा कुणीतरी मागची खिडकी उचकटली. मी कात्री घेऊन ओरडत खाली आले म्हणून तो पळाला, पण बहिणीनं जी हाय खाल्ली ती खाल्लीच. तिला डोळा लागेना. तेव्हा मेहुण्यांनी ठरवलं, राखणीचा कुत्रा आणायचा, तोही असा की बघूनच माणसाची पाचावर धारण बसावी.

कुत्र्यांची पैदास करणाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळेच गेलो. चार पिल्लं जाळीला येऊन चिकटली, केकाटत, एकमेकांच्या अंगावर चढत. पाचवं मागे बसून नुसतं बघत होतं. मेहुण्यांनी त्याच्याकडेच बोट केलं.

"हे बरंय. आवाज करत नाही."

पैदासवाल्यानं मान खाजवली आणि जाळीजवळचं एक पिल्लू उचललं. "घरात लहान मुलं आहेत ना? मग ही घ्या. बोलकी आहे. हिच्या मनात काय चाललंय ते कळतं."

"बोलकी नको. मी दिवसा झोपतो."

झालं, विषय संपला. दुसऱ्या कुणी पंजे बघितले असते, आईबाप बघितले असते. आम्ही मेहुण्यांची झोप बघितली.

त्या झोपेबद्दल सांगायलाच हवं, कारण आमचं सगळं घर तिच्याभोवती चालायचं. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. बेलची वायर काढून टाकलेली. भांडी घासली की टॉवेलवर उपडी घालायची, खणखणाट नको. माझं मशीन दुपार कलेपर्यंत बंद, तोवर मी हातानं टाके घालत बसायची. पोरांच्या पायांत बारा महिने मोजे. मी जरा आवाज चढवला की बहीण ओठांवर बोट ठेवायची. "ताई, हळू. हे झोपलेत." थोरला शाळेत जायचा, तिथे पोटभर बोंबलून घ्यायचा. धाकटीला आम्ही टिकली म्हणायचो, ती दिवसभर घरात. ती बोलायला शिकली तीच कुजबुजत. पडली तरी तोंड उघडायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज नाही. लोक म्हणायचे, काय गुणाची पोर आहे. मला ते बघवायचं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवायची. पण "माणूस रात्रभर भट्टीपुढे भाजून येतो, त्याला झोप नको का?" असं बहिणीनं विचारलं की मी परत सुईदोरा हातात घ्यायची.

पिल्लाचं नाव थोरल्यानं टोस्ट ठेवलं. बेकरीवाल्याच्या पोराला दुसरं काय सुचणार? वर्षभरात त्या टोस्टचा रेडा झाला. डोकं माझ्या कमरेला लागायचं, खायला बसला की ताटली फरशीवरून सरकत भिंतीला जायची. टिकलीचा त्याच्यावर भारी जीव. ती त्याच्या पोटाला टेकून पडायची, त्याचा कान उचलून आत तोंड घालायची आणि काहीबाही सांगत बसायची. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, तर तिची सगळी गुपितं त्या कानात.

आधी तो गुरगुरायचा. टिकली ताटलीजवळ गेली की घशातून खरखर काढायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मेहुणे झोपेतून उठून आले, डोळे लाल, आणि त्याच्या नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी हाणली. "चूप. पोरीवर गुरगुरतोस?" एक तर पोरीवर, वर दिवसाढवळ्या. मग बहिणीनंही तेच धरलं. कुणी शेपूट ओढलं, तो गुरगुरला, गुंडाळी. कुणी झोपेतून उठवलं, तो गुरगुरला, गुंडाळी. काही महिन्यांत टोस्ट असा गप्प झाला की रात्रीही भुंकेना. मी म्हटलं, "चोर आला तर हा त्याला पाणी विचारेल." बहीण हसली, तेही तोंडावर हात ठेवून. पण दारातलं ते धूड बघूनच लोक रस्ता बदलायचे, त्यामुळे तिला झोप लागायला लागली होती. मेहुणे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "पोरं अंगावर नाचतात, पण हूं नाही की चूं नाही."

मी मात्र बघत होते. पोर जवळ गेली की तो कधी मान फिरवायचा, कधी ओठाची एक कड वर जायची आणि परत खाली यायची. मी बहिणीला म्हटलं, "टिकलीला त्याच्यापाशी एकटी सोडू नकोस. मला धड वाटत नाही."

"ताई, गरीब गाय आहे तो," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळपासून टोस्ट मान झटकत होता. पिसवा असतील म्हणून बहिणीनं त्याला पावडर लावली आणि ती स्वयंपाकघरात भाजी चिरायला गेली. मी वर बाही जोडत बसले होते. घरात नेहमीसारखी शांतता. रीळ संपलं म्हणून मी खाली आले.

बैठकीच्या खोलीत टिकली फरशीवर बसली होती. फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी गालावर दाबून धरलेला. फ्रॉक पिवळा होता, त्यातलं फार थोडं पिवळं उरलं होतं. टोस्ट कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. मी तिचे हात बाजूला केले. गाल डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत उघडा पडला होता.

माझं तोंड उघडलेलं बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. "मावशी, हळू. बाबा झोपलेत."

मी ओरडले. त्या घरात इतक्या वर्षांत दाबलेलं सगळं त्या ओरडण्यात आलं असेल.

किती वेळ ती तशी बसली होती कुणास ठाऊक. फरशीवरचं रक्त कडेनं सुकायला लागलं होतं. बहीण भिंतीपलीकडे होती, बाप दाराआड होता, आणि पोरीनं हाक मारली नाही. डॉक्टरांनी टाके घातले, पण गालातली शीर तुटली होती. म्हणाले, जीव वाचला यात सगळं आलं, तोंडाची ती बाजू मात्र आता हलायची नाही.

टोस्टला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला मेहुण्यांबरोबर मी गेले. डॉक्टरनं कानात बॅटरी धरली आणि तोंड वाकडं केलं. "आतून सडलाय. वाऱ्यानंही कळ येत असेल. पोरगी कानापाशी गेली होती का?"

मी म्हटलं, "ती त्याच्या कानातच बोलायची."

"मग आधी गुरगुरला असेल की."

"तो गुरगुरत नाही," मेहुणे म्हणाले. "आम्ही शिकवलंय त्याला." बोलले त्याच नेहमीच्या कौतुकानं, आणि मग आपलंच वाक्य ऐकून भिंतीला टेकले.

डॉक्टरनं बॅटरी विझवली. मग म्हणाला, "गुरगुरणं म्हणजे त्याचं 'बास' म्हणणं असतं. ते काढून घेतलं की त्याच्याकडे दातच उरतात. मुलांच्या घरात हा आता नको. आणि दुसऱ्या कुणाला द्या असं मी म्हणू शकत नाही."

सुई टोचतानाही टोस्टनं आवाज केला नाही. ओठाची कड तेवढी वर गेली आणि खाली आली. मला त्या कुत्र्याबद्दल कधी माया नव्हती, पण त्याचा पंजा मी शेवटपर्यंत हातात धरला आणि मोठमोठ्यानं रडले. दिवस होता, तरी रडले.

मेहुण्यांनी रात्रपाळी सोडली. आता ते दिवसा बेकरीच्या काउंटरवर उभे असतात. कडीची चिंधी काढली, बेल जोडली, माझं मशीन सकाळपासून धडधडतं. टिकली अजून मोजे घालून, भिंतीच्या कडेकडेनं चालते.

टाके काढायच्या दिवशी ती बापाच्या मांडीवर बसली होती. डॉक्टरांनी पहिला टाका ओढला. तिचं तोंड उघडलं, एकाच बाजूनं, आणि डोळे भरून वाहिले.

"ओरड, बाळा," मेहुणे म्हणाले. "दुखतंय ना? मोठ्यानं ओरड. मी जागा आहे."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांची कॉलर धरून त्यांना खाली ओढलं, कानाला तोंड लावलं आणि काहीतरी कुजबुजली. मेहुण्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"विचारतेय, ओरडलं तर गुंडाळी बसेल का."

त्यांनी त्या पोरीवर कधी बोट उगारलं नव्हतं. तिनं नुसतं बघितलं होतं. डॉक्टरांनी पुढचा टाका कापला, तरी ती गप्पच होती.